वडनेम्मेलीची मडकी

बुलढाण्यातल्या नाहीतर साताऱ्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात घोणस चावलेल्या शेतकऱ्याला प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन दिलं जातं. त्या कुपीवर कंपनीचं नाव असतं, बॅच क्रमांक असतो, मुदत संपायची तारीख असते. औषधासाठी ज्याने साप पकडला, त्याचा उल्लेख कुठेच नसतो. बहुतेक वेळा तो माणूस चेन्नईच्या आसपासच्या वस्तीतला इरुळा आदिवासी असतो. देशातल्या औषधासाठी लागणाऱ्या विषापैकी सुमारे 80 टक्के विष याच लोकांच्या एका सहकारी संस्थेतून येतं, असं सांगितलं जातं.

इरुळा म्हणजे गारुडी नव्हेत. पुंगी नाही, टोपली नाही, खेळ नाही. गारुडी सापाचे दात काढतो, इरुळाला ते शाबूत हवे असतात. चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवल्लूर या जिल्ह्यांतल्या भातखाचरांच्या बांधांवर आणि काटेरी झुडपांत त्यांच्या कित्येक पिढ्या उंदीर आणि साप शोधण्यात गेल्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे साप या भागात दुर्मीळ नाहीत. दुर्मीळ आहे ते त्यांचं दिसणं. दिवसा मण्यार बिळात असते, फुरसं दगडाखाली. तुमच्याआमच्यासारखा माणूस वर्षभर त्याच बांधावरून गेला तरी त्याला साप दिसणार नाही. इरुळाची नजर मात्र सापाला शोधतच नाही. ती बिळाच्या तोंडाची गुळगुळीत झालेली माती पाहते, वाळूवरचा पुसट माग पाहते, कातीचा तुकडा, वाळलेली विष्ठा पाहते. बिळात कोणी आहे का, असल्यास उंदीर की साप आणि साप असल्यास कोणता, हे ठरल्यावरच पहार जमिनीत जाते. या कामात बायकाही पुरुषांच्या बरोबरीने असतात.

या ज्ञानाला गिऱ्हाईक पहिल्यांदा कधी मिळालं हे सांगणं अवघड आहे, पण मद्रास इलाख्यात सापांची सरकारी पातळीवर दखल घेतली गेली ती अठराव्या शतकाच्या शेवटी. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर 1785 मध्ये कंपनी सरकारचा निसर्गतज्ज्ञ झाला. किनारपट्टीवरून साप गोळा करायचे, ते कोंबड्यांना आणि कुत्र्यांना चावू द्यायचे, आणि विषारी कोणते व बिनविषारी कोणते ते नोंदवायचं, असा त्याचा खाक्या. त्या काळी ‘तंजावरच्या गोळ्या’ सर्पदंशावर रामबाण म्हणून विकल्या जात. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले भोसले होते आणि गोळीत सोमल होता. रसेलने या गोळ्याही तपासल्या. 1796 मध्ये त्याचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा सचित्र ग्रंथ निघाला, आणि पुढच्याच वर्षी घोणशीच्या शास्त्रीय नावात त्याचं नाव गेलं. ते आजही आहे. त्याला साप आणून देणारे मात्र बहुतेक अनामिकच राहिले. या व्यवहाराची ही रीत तेव्हापासूनची.

विसाव्या शतकात गिऱ्हाईक बदललं आणि व्यवहार फार मोठा झाला. युरोपात सापाच्या कातड्याच्या पर्स, पट्टे आणि बूट यांना मागणी आली, आणि मद्रास हे कातड्याच्या व्यापाराचं एक प्रमुख केंद्र बनलं. धामण, नाग, घोणस, अजगर, सगळं चालत असे. इरुळा साप मारून कातडं सोलत, दलाल ते किरकोळ पैशांत घेई, पुढे ते कमावलं जाई आणि बंदरातून बाहेर जाई. अशी लाखो कातडी देशाबाहेर गेली. यात सर्वांत जास्त भरडली गेली ती धामण, कारण ती लांब आणि कातडं भरपूर. आता धामण खाते उंदीर, आणि उंदीर खातात भात. कातड्यापोटी परकीय चलन किती आलं याचा हिशेब सरकारदरबारी होता. उंदरांनी किती धान्य खाल्लं याचा हिशेब कोणी ठेवला नसावा.

रॉम्युलस व्हिटेकर हा माणूस याच सुमारास मद्रासला पोचला. जन्म न्यूयॉर्कचा (1943), लहानपणी आईबरोबर मुंबईत आला, कोडाईकनालला शिकला, अमेरिकेत मायामीच्या सर्पोद्यानात बिल हास्टच्या हाताखाली विष काढायला शिकला आणि 1967 मध्ये परतला. मद्रासजवळ त्याने छोटं सर्पोद्यान काढलं, ते 1972 मध्ये गिंडीला आलं आणि शहरातल्या पोराबाळांची तिथे झुंबड उडाली. त्या उद्यानातल्या सापांमागे इरुळांचे हात होते. व्हिटेकरने पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितलं आहे की रानातला साप शोधायला तो त्यांच्याकडूनच शिकला.

त्याच 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि 1976 मध्ये सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. सापांच्या दृष्टीने हे हवंच होतं. पण कायदा करताना इरुळांच्या चुलीचा विचार कोणी केला नव्हता. जमीन नाही, शिक्षण नाही, आणि ज्या एका कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते काम एका रात्रीत गुन्हा ठरलं. दलालांनी दुसरे धंदे पाहिले. वनखात्याच्या जीपची भीती राहिली ती साप पकडणाऱ्यालाच.

त्यातून जी वाट निघाली ती साधी होती: साप मारायचाच नाही, त्याचं विष विकायचं. 19 डिसेंबर 1978 रोजी इरुळा सर्पपकड्यांची औद्योगिक सहकारी संस्था नोंदली गेली. व्हिटेकर आणि मुंबईच्या झाई व्हिटेकर यांनी 1976 मध्ये वडनेम्मेलीला सुरू केलेल्या मगर उद्यानाच्या आवारातच, महाबलीपुरमच्या रस्त्यावर, संस्थेचं विषकेंद्र आहे. साखर कारखाने आणि दूधसंघ पाहिलेल्या मराठी वाचकाला सहकाराचं अप्रूप वाटू नये, पण सभासद आदिवासी आणि माल नागाचं विष, अशी सोसायटी आपल्याकडेही नाही.

कामाची पद्धत ठरलेली आहे. वनखातं दरवर्षी कोणत्या जातीचे किती साप पकडायचे याचा परवाना देतं. सभासद कापडी पिशवीत साप आणतो, त्याची जात, लांबी आणि वजन नोंदवलं जातं, आणि साप मातीच्या मडक्यात जातो. मडक्यात मूठभर माती, तोंडाला कापड, वर दोरी. मडकं थंड राहतं, आत अंधार असतो, म्हणजे सापाला बिळासारखंच. साप तीन आठवडे राहतो आणि आठवड्याच्या अंतराने एकूण चार वेळा त्याचं विष काढतात. कापडाची गाठ सुटते, आकडीने साप बाहेर येतो, चिमटीत मान येते, आणि काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्यात दात रुततात. नागाचं विष पिवळसर, दाट उतरतं. मण्यारीचं अगदी थोडं. फुरशाचं त्याहून कमी. एक ग्रॅम कोरडं विष जमवायला शेकडो फुरशी लागतात. शेवटी पोटाकडचा एक खवला कातरतात आणि साप रानात सोडतात. पुन्हा तोच साप हाती आला तर खुणेवरून कळतं, आणि त्याला परत पाठवतात.

विष गोठवून वाळवलं की त्याची भुकटी होते, आणि ती औषध कंपन्यांकडे जाते. तिथे ते थोडं थोडं घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यांच्यापासून औषध बनतं. अल्बेर काल्मेतने 1890 च्या दशकात दाखवलेला मार्ग मुळात अजून तोच आहे. आपल्याकडे 1899 मध्ये परळला प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेल्या आणि 1925 मध्ये हाफकिन हे नाव मिळालेल्या संस्थेचा यात दीर्घकाळ वाटा राहिला.

इरुळांची कीर्ती 2017 मध्ये थेट फ्लोरिडात पोचली. तिथल्या दलदलीत सोडून दिलेल्या पाळीव बर्मी अजगरांनी उच्छाद मांडला होता. मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना बोलावण्यात आलं, आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांनी 13 अजगर पकडून दिले. त्यात एक 16 फुटी मादी होती, तीही जुन्या क्षेपणास्त्र तळावरच्या भुयारी बांधकामात. पुढे 2023 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. व्हिटेकरला ती 2018 मध्ये मिळाली होती. शिष्याला आधी आणि गुरूंना नंतर, हा क्रम आपल्याकडे नवा नाही.

आता अडचणीची बाजू. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत हे अभ्यासातून मांडलं आहे: दक्षिणेच्या सापांच्या विषावर बेतलेलं औषध इतर प्रांतांतल्या काही सापांवर तोकडं पडतं. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने कृती आराखडा काढला आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं.

इतक्या मोठ्या देशाने औषधाचा एवढा भार एका किनाऱ्यावरच्या मडक्यांवर टाकणं बरोबर नाही, आणि तो दोष मडकी भरणाऱ्यांचा नाही. कोकणातल्या फुरशाचं विष कोकणातच जमवायला हवं. गावोगावी सर्पमित्र आहेत आणि परळला हाफकिन आहे. परवाना, नोंद, तीन आठवडे आणि मग सुटका ही वडनेम्मेलीची शिस्त शिकवायला इरुळांनाच मानधन देऊन बोलवावं, आणि या वेळी त्यांची नावंही कागदावर यावीत.