कार रॅलीत उतरायचंय? आधी सुरक्षा, मग इंजिन

कार रॅली म्हटलं की धूळ उडवत वळणं घेणाऱ्या गाड्या आठवतात. पण नवख्यांसाठी सोपी सुरुवात म्हणजे ‘टीएसडी’, अर्थात टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. ती खुल्या रस्त्यावर, वाहतुकीचे नियम पाळून होते आणि घरची गाडीही चालते. इथे दिलेला सरासरी वेग अचूक राखणारा जिंकतो. ताशी ३० किमी वेग दिला असेल, तर १० किमी बरोबर २० मिनिटांत कापायचे. लवकर पोहोचलात तरी पेनल्टी! मार्ग आणि वेळेचा हिशेब शेजारी बसलेला नॅव्हिगेटर ठेवतो.

पुढची पायरी स्टेज रॅली. वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत. भारतात त्यासाठी ‘एफएमएससीआय’ या राष्ट्रीय संघटनेचं स्पर्धा लायसन्स लागतं.

गाडी तयार करताना अनेकांना आधी इंजिनाची ताकद वाढवायची घाई असते. पण गाडी उलटली तर केबिन चेपू न देणारा रोल केज जीव वाचवतो. त्यामुळे पहिला खर्च रोल केज, रेसिंग सीट, हार्नेस, हेल्मेट आणि अग्निशामकावर. मग ब्रेक, सस्पेन्शन, टायर. इंजिन सर्वांत शेवटी.

आणि हो, सराव घाटातल्या रहदारीत नको!