स्वतःच्या छपराखालील रंगभूमी : न्यूझीलंडमधील माओरी व पॅसिफिक नाटककारांच्या आधारसंस्था (१९७२–२०२२)

प्रास्ताविक

नाट्येतिहास लिहिताना आपली दृष्टी प्रायः नाटककार आणि नाट्यकृती यांवर स्थिरावते. संहिता प्रथम कोणी वाचली, तालमीला जागा कोणी दिली, प्रयोग पडला तरी पुढील नाटक लिहिण्याचे धैर्य कोणामुळे टिकले, हे प्रश्न तळटिपेत जातात किंवा विचारलेच जात नाहीत. एखाद्या समाजाला लिखित नाटकाची परंपरा नसेल आणि रंगमंच, अनुदान व समीक्षा ही तिन्ही साधने दुसऱ्या समाजाच्या हाती असतील, तर मात्र हे तळटिपेतील प्रश्नच मूळ प्रश्न ठरतात. न्यूझीलंडमधील माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या समाजांच्या रंगभूमीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात नाटकांच्या रसग्रहणापेक्षा, नाटककारांना उभे करणाऱ्या मंडळ्यांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

एक शब्दखुलासा आरंभीच करावयास हवा. माओरी हे त्या भूमीचे मूळ रहिवासी होत. युरोपीय वंशाच्या रहिवाशांस ते ‘पाकेहा’ म्हणतात. ‘पॅसिफिका’ ही संज्ञा सामोआ, टोंगा, कुक बेटे, निउए, टोकेलाऊ, फिजी इत्यादी ठिकाणांहून आलेल्या लोकांसाठी एकत्रितपणे वापरली जाते. ती प्रशासनाला सोयीची आहे. परंतु सामोअन आणि टोंगन माणसाची भाषा, सरदारकी आणि इतिहास यांतील अंतर ती झाकून टाकते, हे लक्षात ठेवूनच ती येथे योजिली आहे.

नट होते, नाटककार नव्हते

माओरी समाजात वक्तृत्व, गायन, हाका आणि शोकविधी यांची समृद्ध परंपरा असली तरी छापील संहितेवर आधारलेले नाटक ही बाहेरून आलेली गोष्ट होती. १९५७ मध्ये ब्रूस मेसन यांचे ‘द पोहुतुकावा ट्री’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात माओरी पात्रे मध्यवर्ती होती, लेखक मात्र पाकेहा. १९६६ मध्ये माओरी थिएटर ट्रस्टची स्थापना झाली. माओरी नटांना एकत्र आणण्याचे मोलाचे कार्य या संस्थेने केले. तथापि तिने १९६७ मध्ये रंगवलेले ‘द गोल्डन लव्हर’ हे नाटक माओरी आख्यानावर आधारलेले असूनही डग्लस स्ट्युअर्ट या पाकेहा कवीचे होते. नट तयार होते, आख्यान आपले होते, शब्द मात्र परक्याचे होते, अशी ही विचित्र अवस्था होती.

हा पेच सुटण्यास १९७२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हॅरी डॅन्सी यांचे ‘ते राउकुरा’ हे नाटक ऑकलंड महोत्सवात सादर झाले. त्यात पारिहाका या गावाचा इतिहास येतो. ते फिती या नेत्याच्या अनुयायांनी जप्त जमिनीवर नांगर चालवून आणि मोजणीच्या खुणा उपटून निःशस्त्र प्रतिकार केला होता. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सशस्त्र लोकांनी गावावर चाल केली, तेव्हा मुले गात सामोरी आली. भारतीय वाचकाला येथे सत्याग्रहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि साम्य म्हणजे प्रभाव नव्हे, एवढे भान अभ्यासकाने ठेवणे बरे.

१९७५ साली फिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर टोकापासून वेलिंग्टनमधील संसदेपर्यंत भूमियात्रा निघाली. त्यानंतरच्या वर्षी रोरे हापिपी (राउली हबीब) यांचे ‘डेथ ऑफ द लँड’ आले, आणि ते घेऊन ‘ते इका आ माउई प्लेअर्स’ ही मंडळी उभी राहिली. भूमी न्यायालयातील एका सुनावणीचा हा प्रसंग आहे. कुटुंबातील काहींना जमीन विकावयाची आहे, काहींना राखावयाची आहे, आणि इतरांना न दिसणारे रोंगो हे पात्र पूर्वजांच्या वतीने बोलते. १८६५ च्या कायद्याने आदिवासी भूमी न्यायालयाची रचना झाली. त्यामागील हेतू टोळीच्या सामायिक मालकीचे रूपांतर नावनिशीवार व्यक्तिगत मालकीत करण्याचा होता. एका जमिनीच्या दाखल्यावर दहापेक्षा अधिक नावे घालता येत नसत. उरलेल्यांचा हक्क कागदोपत्री संपे. महसुली इतिहासाच्या अभ्यासकाला शंभर पानांत जे सांगावे लागेल, ते या नाटकाने एका कुटुंबाच्या भांडणात सांगितले. न्यायालयाची खोली हेच मुळी रंगमंचासारखे स्थळ असते. तेथे कोणी बोलावे आणि कोणाचे बोलणे नोंदले जावे, हे आधीच ठरलेले असते. हापिपींनी ही गोष्ट अचूक हेरली.

डेपोपासून ताकी रुआपर्यंत

एव्हाना व्यावसायिक रंगभूमी स्थिरावली होती. वेलिंग्टनमध्ये डाउनस्टेज (१९६४), ऑकलंडमध्ये मर्क्युरी (१९६८) आणि क्राइस्टचर्चमध्ये कोर्ट (१९७१) ही नाट्यगृहे सुरू झाली होती. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्लेमार्केट’ या संस्थेने देशी नाटककारांच्या संहिता वाचणे, त्यांवर कार्यशाळा घेणे, त्या नाट्यगृहांपर्यंत पोहोचवणे व हक्क सांभाळणे हे काम अंगावर घेतले. हे काम वरकरणी कारकुनी वाटते. परंतु नाटकाची प्रत हरवली की नाटकही हरवते, हा अनुभव ज्यांनी रंगभूमीची साधने शोधली आहेत त्यांना नवा नाही. १९९१ मध्ये प्लेमार्केटनेच ‘हे रेओ होउ’ या नावाने पाच माओरी नाटके एकत्र छापली. ‘डेथ ऑफ द लँड’ आज आपल्याला वाचता येते, ते या उद्योगामुळे.

१९८३ मध्ये वेलिंग्टन येथे ‘द डेपो’ हे छोटे नाट्यगृह सुरू झाले. येथे केवळ न्यूझीलंडमधील नाटकेच होतील, असा त्याचा निर्धार होता. आरंभी ती माओरी संस्था नव्हती. पाकेहा आणि माओरी रंगकर्मी तेथे एकत्र काम करीत. परंतु याच सुमारास रांगिमोआना टेलर यांच्या पुढाकाराने ‘ते ओहु फाकाआरी’ ही माओरी नाट्यमंडळी कार्यरत झाली. त्यांचे बंधू अपिराना टेलर यांचे ‘कोहांगा’ (१९८६) आणि भगिनी रिविया ब्राऊन यांचे ‘रोइमाता’ (१९८८) ही नाटके याच वर्तुळातून आली. माओरी भाषेत कुटुंबाला ‘फानाउ’ म्हणतात आणि नाट्यमंडळीलाही तोच शब्द लावतात. येथे तर तो अक्षरशः खरा होता.

‘कोहांगा’ हे शीर्षक अर्थपूर्ण आहे. १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी या नावाच्या बालशाळा सुरू झाल्या होत्या. त्यांत आजी-आजोबांकडून नातवंडांपर्यंत भाषा पोहोचवली जाई. मधली पिढी शहरात भाषा हरवून बसली होती. १९४५ साली सुमारे एक चतुर्थांश माओरी नगरांत राहत. १९८६ पर्यंत हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर गेले. इतक्या वेगाने नागर झालेल्या समाजाला आपल्या गावच्या सभागृहाची, म्हणजे ‘मराए’ची, उणीव भासणे अटळ होते. नाट्यगृह ही उणीव काही अंशी भरून काढू लागले. प्रेक्षकांचे स्वागत मराएवरील पाहुण्यांप्रमाणे स्त्रीच्या हाकेने करणे, पूर्वजांचे स्मरण करणे, प्रयोगानंतर एकत्र अन्न घेणे या गोष्टी नाटकाच्या सजावटीसाठी नव्हत्या. तिकीट काढून अंधारात बसणारा अनोळखी प्रेक्षक आणि विधिपूर्वक आत घेतलेला पाहुणा यांच्यावरील जबाबदारी निराळी असते. पाहुण्याला उठून उत्तर देण्याचा हक्क असतो.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी डेपोचे नाव ‘ताकी रुआ’ झाले. दोन-दोन धागे घेऊन केलेल्या विणीचे हे नाव दोन समाजांच्या सहजीवनाचे रूपक म्हणून स्वीकारण्यात आले. तथापि रूपकाच्या पोटात एक कठीण प्रश्न होता. सहजीवनात निर्णय कोणी घ्यावयाचा? संहिता चांगली की वाईट हे ठरवताना ‘कथानकाची गती’, ‘पात्रांचे द्वंद्व’ हे निकष पाश्चात्त्य नाट्यशास्त्रातून येत. दीर्घ भाषण हा त्या निकषांनुसार दोष ठरे, मराएवर मात्र तोच गुण असे. ताकी रुआचे सूत्रसंचालन उत्तरोत्तर माओरी हाती आले, याचे महत्त्व पदाधिकाऱ्यांच्या नावांत नसून या निकषांच्या बदलात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याचा परिणाम त्या दशकातील नाटकांत दिसतो. होने कौका यांचे ‘न्गा तांगाता तोआ’ (१९९४) इब्सेनच्या एका नाटकाचा आधार घेऊन पहिल्या महायुद्धानंतरच्या माओरी समाजात उतरते. त्यांचेच ‘वायओरा’ (१९९६) वेलिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कला महोत्सवासाठी लिहिले गेले आणि १९६५ साली गाव सोडून दक्षिण बेटावर लाकूडगिरणीत कामाला आलेल्या कुटुंबाची कथा सांगते. ब्रायर ग्रेस-स्मिथ यांच्या ‘पुरापुराफेतू’ (१९९७) मध्ये रंगमंचावर भिंतीची शोभिवंत चौकट विणली जात असते. विणकाम पुढे सरकते तसे कुटुंबाने दडवलेले दुःख उघड होते. १९९५ पासून ताकी रुआने पूर्णतः माओरी भाषेतील प्रयोगही सुरू केले. पुढे ते शाळाशाळांतून नेले.

१९९७ मध्ये ताकी रुआने आपले नाट्यगृह सोडले आणि ती फिरती निर्मितीसंस्था झाली. संस्थेच्या वृत्तांतांतून हा बदल विस्तार म्हणून मांडला जातो, आणि गावोगावच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो तसा होताही. परंतु स्वतःचे छप्पर गेले की अर्धवट लिहिलेल्या नाटकाला आसरा देणारी खोलीही जाते. महोत्सवासाठी निर्मिती करणारी संस्था तयार नाटक मागते, कच्चे नाटक नव्हे. ही उणीव पुढे इतरांना भरून काढावी लागली. २००४ मध्ये होने कौका आणि मिरिया जॉर्ज यांनी स्थापन केलेल्या ‘तावाता प्रॉडक्शन्स’ने नवीन संहितांची वाचने व त्यांवरील सामूहिक संस्करण यांना आपल्या कार्यात महत्त्वाचे स्थान दिले, आणि माओरी लेखकांबरोबर पॅसिफिक लेखकांनाही त्यात बसवले.

पॅसिफिक समाजाची वेगळी वाट

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. माओरींचा दावा भूमीवर आणि १८४० च्या वायतांगी करारावर उभा आहे. पॅसिफिक स्थलांतरितांना हा दावा करता येत नाही. ते कामगार म्हणून बोलावले गेले आणि नको झाले तेव्हा हाकलले गेले. सामोआ १९१४ ते १९६२ न्यूझीलंडच्या अमलाखाली होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तेथील पाचव्या हिश्शाहून अधिक लोक मरण पावले, आणि २८ डिसेंबर १९२९ रोजी आपिया येथे शांततामय मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात नेते तुपुआ तामासेसे यांना प्राणघातक गोळी लागली. या घटनेच्या छायेत घडणारे जॉन न्यूबुल यांचे ‘थिंक ऑफ अ गार्डन’ १९९३ मध्ये नॅथॅनिएल लीस यांनी ऑकलंडला रंगवले. न्यूझीलंडच्या शासनाने सामोआची क्षमा मागितली, ती त्यानंतर नऊ वर्षांनी, २००२ मध्ये.

त्याच १९९३ साली क्राइस्टचर्चमध्ये ‘पॅसिफिक अंडरग्राउंड’ ही मंडळी पुढे आली. पॅसिफिक लोकवस्ती मुख्यतः ऑकलंडमध्ये असताना ती दक्षिण बेटावरील या गोऱ्या शहरात उदयास यावी, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. कदाचित संख्येने थोडे असल्यामुळेच तेथील तरुणांना एकत्र येण्याची निकड अधिक भासली असावी. नाटक, संगीत आणि शाळांतील प्रयोग हे सारे एकाच मंडळीने केले. ऑस्कर काइटली व सायमन स्मॉल यांचे ‘फ्रेश ऑफ द बोट’ (१९९३) हे तिचे पहिले गाजलेले नाटक. बेटावरून नुकताच आलेला नातलग आणि येथे रुळलेले कुटुंब यांतील ताण त्यात आहे. व्हिक्टर रॉजर यांचे ‘सन्स’ (१९९५) याच शहरातून आले.

काइटली यांचे ‘डॉन रेड्स’ (१९९७) इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटते. १९७४ पासून, आणि पुन्हा १९७६ मध्ये, मुदतीपलीकडे राहिलेल्यांना शोधण्यासाठी पोलीस पहाटे पॅसिफिक कुटुंबांची दारे ठोठावीत. १९८० च्या दशकाच्या मध्यातील आकडेवारीनुसार मुदतबाह्य रहिवाशांत पॅसिफिक लोक सुमारे एक तृतीयांश होते, खटले मात्र ८६ टक्के त्यांच्यावर भरले गेले. नाटकात अशा एका सामोअन कुटुंबाचा मुलगा हवाई बेटांचा गायक असल्याचे सोंग घेऊन गातो, कारण हवाईयन असणे मोहक आणि सामोअन असणे संशयास्पद. मुलगी मात्र पॉलिनेशियन पँथर्सकडे ओढली जाते. ही संघटना १९७१ मध्ये ऑकलंडच्या पॉन्सनबी भागात स्थापन झाली. अमेरिकेतील ब्लॅक पँथर्सचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती १९७२ मध्ये. एकाच स्रोतातून, अवघ्या वर्षाच्या अंतराने, दोन दूरच्या बंदरांत हे नाव रुजले, याची नोंद आपल्याकडील चळवळींच्या अभ्यासात क्वचितच आढळते.

१ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या नगरभवनात पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी पहाटेच्या छाप्यांबद्दल शासनाच्या वतीने क्षमा मागितली. सामोअन ‘इफोगा’ विधीनुसार त्या खाली बसल्या, त्यांच्यावर चटई पांघरण्यात आली आणि पीडित समाजाच्या लोकांनी ती उचलली. शासकीय निवेदनाच्या आधी हा विधी झाला. पुढील वर्षी, २०२२ मध्ये, ऑकलंड थिएटर कंपनीने पॅसिफिक अंडरग्राउंडच्या सहकार्याने ‘डॉन रेड्स’ पुन्हा रंगभूमीवर आणले. संहिता पंचवीस वर्षांपूर्वीची होती, आणि तिच्या प्रेक्षकांत आता ज्यांची दारे ठोठावली गेली त्यांची नातवंडे बसली होती.