ओळ, ग्रंथ आणि नोंद : गणनेच्या एककाविषयी एक टिपण

मजकूर मोजण्याची गरज प्राचीन काळी बव्हंशी लेखनिकाच्या मोबदल्यातून निर्माण झाली. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इ. स. ३०१ च्या दरविषयक फर्मानात उत्तम हस्ताक्षरातील शंभर ओळींना २५ दिनारी असा दर आहे. आपल्याकडे ‘ग्रंथ’ म्हणजे ३२ अक्षरे. गद्य असो वा पद्य, पोथीच्या अखेरीस ‘ग्रंथाग्र’ म्हणून ही संख्या नोंदवीत. पत्रावरील ओळ लेखनिकागणिक बदले; या एककाला तिची बाधा नसे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा आहे. शब्दांबरोबरच मजकुराच्या ओळी आणि टिंबाने आरंभ होणाऱ्या, मांडणीच्या सूचना देणाऱ्या ओळी ती वेगवेगळ्या मोजी. तिच्यापुढे दस्तऐवज होता, कोष्टक नव्हे. पुढे हा भेद गळाला. ‘एल’ हा पर्याय आज केवळ ओळ संपल्याची खूण किती वेळा आली, एवढेच सांगतो.

स्वल्पविरामाने स्तंभ विभागणाऱ्या कोष्टक-फायलींचे (सीएसव्ही) २००५ मधील आरएफसी ४१८० हे टिपण मात्र अवतरणचिन्हांतील रकान्यात ओळ तोडण्यास मुभा देते. समजा, हस्तलिखितांच्या सूचीत एक शीर्षक-ओळ व तीन पोथ्या आहेत आणि एका पोथीची पुष्पिका चार ओळींत जशीच्या तशी उतरवली आहे. आज्ञा सात हा आकडा देईल; अखेरची खूण राहिली असल्यास सहा. पुष्पिका नसती, तर शीर्षकामुळे वाढलेला एक आणि अखेरीस गळालेला एक परस्परांना छेदून उत्तर तीनच आले असते. असे योगायोगाचे बरोबर उत्तर अधिक घातक, कारण ते कोणी तपासत नाही.

तौलनिक अभ्यासकाला हा तपशील क्षुल्लक वाटू नये. ओळी तुटतात त्या पुष्पिका, आरंभीची ओवी, मंगलाचरण यांच्या रकान्यांत. एका भाषेच्या सूचीकाराने ते उतरवले व दुसऱ्याने केवळ नावे दिली, तर पहिल्या भाषेचे वाङ्मय आकड्यांत विपुल भासते आणि सूचीकाराची सवय वाङ्मयेतिहासाचा निष्कर्ष म्हणून वावरू लागते.

२००३ पासून पायथन या संगणकभाषेसोबत येणारा सीएसव्ही विभाग अवतरणे ओळखून नोंदी वेगळ्या करतो. शीर्षक तेवढे वजा करावे लागते. एका वेष्टनात बांधलेल्या तीन कृतींची नोंद एक धरावी की तीन, हे मात्र सूचीकारानेच आधी ठरवलेले असते.