साधनवर्णन (कृत्रिम बुद्धिमत्ता)

साधनवर्णन म्हणजे एआय एजंटला दिलेले एखादे साधन काय करते, कोणती माहिती घेते आणि काय परत देते हे सांगणारा मजकूर होय. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधनाच्या नावासोबत असे वर्णन देण्याची सोय आहे. साधनाचा अंतर्गत कोड एजंटला सहसा दिसत नाही. त्यामुळे साधनाची निवड तो प्रामुख्याने या मजकुरावरून करतो.

डेस्कटॉप अनुप्रयोगांच्या स्वयंचलित चाचणीत 'यादीतील पर्याय निवडते' एवढे वर्णन अपुरे ठरते. ठाणे जिल्ह्यातील ठिकाणांची यादी हे याचे बोलके उदाहरण आहे. 'ठाणे' हे शहर, तालुका आणि जिल्हा या तिन्हींचे नाव असून 'पोलीस ठाणे' या शब्दांतही ते येते. अंशतः जुळणी करणारे साधन 'कल्याण' मागितल्यावर 'कल्याण-डोंबिवली' निवडू शकते. त्याने केवळ 'यशस्वी' असे उत्तर दिल्यास चूक लपते आणि चाचणी उत्तीर्ण झालेली दिसते. म्हणून जुळणी पूर्ण की अंशतः, तसेच अनेक पर्याय जुळल्यास काय होते, हे वर्णनात स्पष्ट असावे लागते. प्रत्यक्ष निवडलेला मजकूर परत देणारे साधन अधिक भरवशाचे असते. विंडोजच्या यूआय ऑटोमेशनमधील 'ऑटोमेशन आयडी' वापरल्यास घटकाची ओळख पडद्यावरील मजकुरावर अवलंबून राहत नाही. मात्र प्रत्येक घटकाला तो दिलेला असतोच असे नाही.