लाल बटण दाबल्यावर नक्की काय होतं? छोट्या बोटीतून दोघांनीच लांब जाण्यामागचं तंत्र

मी सिॲटलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मी आणि माझा नवरा २२ फुटी सेकंडहँड मोटरबोटीतून सुट्टीत भटकतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ॲनाकोर्टिसहून निघून कॅनडातल्या डेसोलेशन साउंडपर्यंत जायचं ठरवलं. निघायच्या महिनाभर आधी मी सहज बोटीवरच्या रेडिओची सेटिंग्ज उघडली आणि लक्षात आलं की संकटात दाबायचं लाल बटण आमच्या बोटीवर जवळजवळ निरुपयोगी आहे. ते का, आणि अशा प्रवासाचं गणित काय असतं, ते समजून घेऊया.

ट्रेलरवरची बोटच का?

अमेरिकेत वेगळी परवानगी न काढता रस्त्यावरून साधारण ८ फूट ६ इंच रुंदीपर्यंतची बोट ओढून नेता येते. एवढ्या बोटीत दोघांना झोपायला जागा, छोटी शेगडी आणि दाटीवाटीचं सामान मावतं. फायदा म्हणजे बोट घराशेजारी उभी राहते आणि प्रवास हवा तिथून सुरू करता येतो. तोटा म्हणजे सगळंच मोजकं असतं. पाणी, बॅटरी आणि पेट्रोल, तिन्हींचा हिशोब ठेवावा लागतो.

पेट्रोलचं गणित

आमची टाकी ४० गॅलनची. बोट जोरात पळवली की एका गॅलनमध्ये सुमारे अडीच सागरी मैल जातो, म्हणजे कागदावर १०० मैल. पण नियम असा, की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश परत यायला आणि उरलेलं राखीव. पुढचा पंप नक्की चालू आहे हे माहीत असेल, तरी आम्ही ६५ मैलांच्या वर हिशोब धरत नाही. समोरून वारा आणि लाटा आल्या की मायलेज पटकन पडतं. हळू, म्हणजे ६ नॉटने गेलं तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये बरंच लांब जाता येतं, पण तेव्हा दुसरी अडचण येते ती प्रवाहाची.

भरतीची वेळ आणि प्रवाहाची वेळ वेगळी

या भागात बेटांमधून अरुंद चिंचोळ्या वाटा आहेत. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्यांतूनच आत-बाहेर करतं. डिसेप्शन पासमध्ये प्रवाह ८ नॉटपर्यंत जातो, नानाइमोजवळच्या डॉड नॅरोजमध्ये त्याहूनही थोडा जास्त. ६ नॉटने चालणारी बोट ८ नॉटच्या प्रवाहासमोर इंजिन चालू असूनही मागे जाते! म्हणून पाणी थांबतं त्या थोड्या मिनिटांत पार व्हायचं. नवशिक्यांची चूक इथे होते: ते भरतीचं वेळापत्रक बघतात. पाणी सर्वात उंच असतं ती वेळ आणि प्रवाह थांबतो ती वेळ एकच असेल असं नाही. त्यासाठी प्रवाहाचे तक्ते वेगळे असतात, तेच बघा. कोकणात ज्याला उधाण म्हणतात, त्या अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत जोर आणखी वाढतो.

लाल बटण कसं काम करतं?

व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ वर आपण बोलून मदत मागतो. लाल बटण मात्र चॅनल ७० वर एक डिजिटल मेसेज पाठवतं. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात: बोटीचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर आणि जीपीएसवरची जागा. कोस्ट गार्ड आणि आसपासच्या जहाजांच्या रेडिओवर तो लगेच वाजतो.

आमच्या रेडिओत नंबर होता, पण आधीच्या मालकाचा. म्हणजे शोधणाऱ्यांना भलत्याच माणसाची बोट दिसली असती. आणि जागा? आमच्या रेडिओत स्वतःचा जीपीएस नाही, तो चार्टप्लॉटरकडून घ्यावा लागतो. त्या जोडणीच्या दोन तारा डॅशबोर्डमागे नुसत्याच लोंबकळत होत्या. बऱ्याच रेडिओंमध्ये हा नंबर वापरणाऱ्याला पुन्हा पुन्हा बदलता येत नाही, कंपनीकडून रिसेट करून घ्यावा लागतो. आम्ही तसा करून घेतला.

अजून एक मुद्दा: अमेरिकेत काही संस्था देतात तो नंबर फक्त देशातल्या पाण्यासाठी असतो. कॅनडाला जायचं तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचं स्टेशन लायसन्स आणि त्यासोबतचा नंबर लागतो. टेस्ट म्हणून लाल बटण कधीही दाबू नका. स्क्रीनवर अक्षांश-रेखांश दिसतात का, एवढं बघा.

पण बटण दाबणार कोण?

हा प्रश्न मला तारा जोडताना पडला. बोट नेहमी तोच चालवायचा, मी दोर आणि नांगर सांभाळायचे. मी म्हटलं, "तू पाण्यात पडलास तर मी काय करायचं?" तो म्हणाला, "मी कशाला पडतोय!" त्याच दुपारी आम्ही एक कुशन पाण्यात टाकलं आणि तो गप्प बसून राहिला.

मला कुशनपर्यंत पोहोचायला नऊ मिनिटं लागली.

हे पाणी उन्हाळ्यातही बऱ्याच ठिकाणी १५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असतं. थंड पाण्याचा ढोबळ नियम असा: पहिलं १ मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात आणि १ तासाच्या आसपास शुद्ध हरपते. हे सगळं लाइफ जॅकेट अंगावर आहे असं धरून. नवव्या मिनिटाला पोहोचले असते, तर त्याला शिडी धरता आली असती का?

तो त्यानंतर काही बोलला नाही, पण पुढचे चार शनिवार सुकाणू माझ्याकडे होतं. आमचा क्रम आता पाठ आहे: चार्टप्लॉटरवर एमओबी बटण दाबून जागा नोंदवायची, तरंगणारी वस्तू फेकायची, लाल बटण, मग वळायचं. जवळ आल्यावर इंजिन न्यूट्रलला, कारण पंखा फिरता नको. शिडी अशी लावली आहे की पाण्यातूनच ओढून खाली घेता येते. चौथ्या शनिवारी मला अडीच मिनिटं लागली. मग जागा बदलून त्यानेही सराव केला.

आणि हो, २०२१ च्या १ एप्रिलपासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याने अंगाला लावणं बंधनकारक आहे. सुकाणू बंद केबिनमध्ये असेल तर सूट आहे. आमचं तसंच आहे, पण एकटं कोणी बाहेर गेलं तर आम्ही बोट थांबवतो.

निघण्याआधी एवढं तपासा

- रेडिओतला नंबर तुमच्याच नावावर आहे का?
- रेडिओच्या स्क्रीनवर जागा दिसते का?
- प्रवाहाचा तक्ता सोबत आहे का?
- दोघांपैकी प्रत्येकाला बोट एकट्याने वळवून, थांबवून धक्क्याला लावता येते का?

डॉड नॅरोजपाशी आम्ही पाणी थांबायची वाट बघत दीड तास घालवला. चहा झाला, दोन वेळा. मग बोट मी पार नेली.