काथारिना ल्यूथर यांच्या घरची बिअर

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन शहरातली दारूची दुकाने बंद आहेत. मध्य प्रदेश सरकारने १७ धार्मिक नगरांसाठी हा निर्णय घेतला. दारूने मोडलेले घर ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या निर्णयाचे मोल सांगावे लागत नाही.

तरीही मंडळीचा इतिहास वाचताना एका ठिकाणी थबकायला होते. मार्टिन ल्यूथर यांची पत्नी घरी बिअर बनवीत असे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

काथारिना फॉन बोरा ही निंबशेनच्या कॉन्व्हेंटमधली सिस्टर. १५२३ च्या ईस्टरच्या सुमारास मासे वाहणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाडीतून ती इतर सिस्टर्सबरोबर तिथून निसटली. १५२५ मध्ये तिचे ल्यूथरशी लग्न झाले. विटेनबर्गमधला ऑगस्टिनियन साधूंचा जुना मठ त्यांना राहायला मिळाला, आणि त्या घराबरोबर बिअर बनवण्याचा हक्कही. घर कसले, धर्मशाळाच ती! राहायला विद्यार्थी, ल्यूथरचे अनाथ भाचे-पुतणे, येणारे-जाणारे पाहुणे. या सगळ्यांच्या ताटातली भाकरी आणि पेल्यातली बिअर काथारिनाने पाहायची.

आज परदेशात हौसेने घरी बिअर करणारे बहुतेक जण डब्यातल्या माल्टच्या पाकापासून सुरुवात करतात. पाक पाण्यात मिसळला की अर्धे काम झाले. काही जण मध्येच सोडून देतात. पुन्हा वळतात तेव्हा मात्र त्यांना धान्यापासून सारे करून पाहावेसे वाटते. काथारिनाच्या काळी असा डबा नव्हताच. आधी जव भिजवून मोड आणायचे, मग ते वाळवून भरडायचे. ज्या आयांनी बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व केले आहे, त्यांना यातले निम्मे आधीच येते. पुढे ही भरड गरम पाण्यात घालून ठेवायची, म्हणजे पिठाची साखर होते. पाणी साधारण ६५ अंश हवे. उकळते घातले तर काम फसते, कोमट घातले तरी फसते, आणि तिच्याजवळ थर्मामीटर नव्हता! मग गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचे, निववायचे आणि आंबायला ठेवायचे.

इथे ऊर्ध्वपातन कुठेच नाही. म्हणून हातभट्टी या शब्दाने जे डोळ्यांपुढे येते ते इथे लावू नये. आपल्या अंबिलीची ही जरा कडक चुलत बहीण म्हणा.

मला विशेष वाटते ते खमिराचे. १५१६ च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावे आहेत. खमिराचा उल्लेखच नाही. जिवंत खमीर आंबवण्याचे काम करते हे लुई पाश्चर यांनी दाखवले ते एकोणिसाव्या शतकात. तोवर बायका आधीच्या घाण्यातला फेस राखून पुढच्यात घालीत. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातली खमीर लपवणारी बाई त्यांना समजावून सांगावी लागली नसेल.

ल्यूथरला बायकोच्या हातची बिअर प्रिय होती. १५३४ मध्ये देसाऊहून तिला लिहिताना तिथल्या बिअरची तक्रार करून घरच्या बिअरची आठवण त्याने काढली आहे. पण त्याच ल्यूथरने १५३९ मध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रावरून संयमाविषयी उपदेश केला आणि जर्मनांच्या दारूबाजीवर कडक शब्दांत कोरडे ओढले. मला यात विसंगती दिसत नाही. एक पेला जेवणाच्या मेजावरचा होता, घरधनिणीच्या नजरेखालचा. दुसरा तसा नव्हता. अर्थात तिची बिअर दाखवून कोणी आजच्या दारूला आशीर्वाद मागू लागला, तर त्याने आधी तिचा दिवस मोजावा: बाग, गुरे, मासळीचे तळे, मुले, आजारी माणसे.

१५४६ मध्ये ल्यूथर वारला. आपल्यामागे सर्व काही काथारिनाला मिळावे असे त्याने इच्छापत्रात लिहिले होते, पण सॅक्सनीच्या कायद्यात ते बसत नव्हते. मग युद्ध आले. तिला मुलांना घेऊन पळावे लागले. परतली तेव्हा शेती उजाड झालेली, गुरे गेलेली. तिने पुन्हा विद्यार्थी ठेवले, पुन्हा त्यांच्या खाण्यापिण्याचे पाहू लागली. १५५२ मध्ये प्लेगमुळे ती टॉरगाऊकडे निघाली. वाटेत घोडे बुजले, ती गाडीतून पडली आणि अंथरुणाला खिळली. २० डिसेंबरला ती प्रभूकडे गेली. तिची कबर टॉरगाऊच्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे.