कुस्तीतील वजननियंत्रण

मल्लाने ठराविक वजनगटात बसण्यासाठी आपले वजन वारंवार मोजून ते मर्यादेत ठेवणे, यास वजननियंत्रण म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या कुस्तीपरंपरेत ही कल्पना आधुनिक आहे. जत्रांतील कुस्त्या जोड पाहून ठरत; त्यांत काटेकोर वजनगट नसत. त्यामुळे जोर, बैठका आणि दूध, तूप, बदाम यांच्या खुराकाने शरीर भारदस्त करण्याकडे तालमींचा कल असे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र वजनकाटा निर्णायक ठरला. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव (१९२६–८४) हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट (५२ किग्रॅ.) गटात सहावे आले, १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट (५७ किग्रॅ.) गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सांगली जिल्ह्यातील कवठे पिरान येथील मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत ९७ किग्रॅ. गटात मुक्त शैलीचे सुवर्णपदक जिंकले. हलक्या व जड शरीराच्या मल्लांस सारखी संधी मिळावी, हा वजनगटांचा हेतू या उदाहरणांवरून स्पष्ट होतो.

तथापि याच व्यवस्थेतून एक घातक प्रथा उद्भवली. आपल्याहून लहान चणीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मल्ल स्वाभाविक वजनाखालील गटात उतरतो. त्यासाठी अन्नपाणी तोडतो व जाड कपडे घालून घाम गाळतो. अशा रीतीने झपाट्याने घटते ते मुख्यतः शरीरातील पाणी, चरबी नव्हे. परिणामी रक्तद्रव कमी होतो, हृदयाचे ठोके वाढतात, शरीराचे तापमान चढते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन घटविताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख व बाष्पस्नान निषिद्ध ठरले आणि मूत्राची व चरबीची तपासणी करून प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरविण्यात येऊ लागले.

२०१८ पासून जागतिक स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळीच वजन घेतात. त्यामुळे घटविलेले वजन भरून काढण्यास अवधी उरत नाही. नियम बदलले, तरी दडपण सरले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांचे वजन ५० किग्रॅ. गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅम अधिक भरले व त्या अपात्र ठरल्या.

वाढीच्या वयातील मल्लांच्या बाबतीत वस्ताद व पालक यांनी विशेष दक्षता घेणे आवश्यक असते. नियमित वजननोंद ही प्रकृतीची खूण म्हणून उपयुक्त आहे. परंतु गट मल्लाच्या शरीराला अनुसरून निवडणे इष्ट ठरते.